जुन्या रॉकचा आवाज नव्या बँडला कसा गवसतो: मुंबईत सुरुवात करणाऱ्यांसाठी

"ताई, तो जुना आवाज येण्यासाठी कुठलं पेडल घेऊ?" आमच्या जॅमरूममध्ये, म्हणजे सरावाच्या खोलीत, नव्याने येणारी मुलंमुली पहिला प्रश्न हाच विचारतात. त्यांनी ग्रेटा व्हॅन फ्लीट, रायव्हल सन्स असे आजचे रॉक बँड ऐकलेले असतात, तिथून मागे जात ती लेड झेपेलिन आणि ब्लॅक सॅबथ या जुन्या बँडपर्यंत पोचलेली असतात आणि आपलाही बँड तसा वाजावा अशी ओढ त्यांना लागलेली असते. ती ओढ मला फार मोलाची वाटते. मी बेस, म्हणजे खालच्या सुरांचं गिटार, वाजवते. सरावासाठी डोंबिवली ते खार हा प्रवास कित्येक वर्षं करते आहे. माझं उत्तर दर वेळी एकच असतं: पेडल (गिटारचा आवाज बदलणारी, पायाने दाबायची छोटी पेटी) सगळ्यात शेवटी घ्या. चार माणसं एका खोलीत एकमेकांचं ऐकत वाजवतात तेव्हा तो आवाज जन्माला येतो. गिटार, ॲम्प (गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी), माइक हे सगळं त्याच्या मदतीला.

म्हणून मी ज्या क्रमाने नव्या मुलांना सांगते, त्याच क्रमाने इथे लिहिते आहे.

आधी कान: नव्या बँडपासून मागे चालत जा

आवडता नवा बँड एकच निवडा. समजा ग्रेटा व्हॅन फ्लीट. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं फ्रँकेनमथ हे छोटं गाव, तिथले किस्का आडनावाचे तीन भाऊ आणि एक मित्र. २०१९ साली त्यांना सर्वोत्तम रॉक अल्बमचं ग्रॅमी मिळालं आणि जानेवारी २०२३ मध्ये ते आपल्या महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापालूझा या संगीत महोत्सवात वाजवून गेले. त्यांच्यावर एक आरोप कायम होतो, की हे लेड झेपेलिनची नक्कल करतात. तो आरोप खरा की खोटा यावर वाद घालण्यापेक्षा त्याचा अभ्यासासाठी उपयोग करा. झेपेलिन १९६८ साली लंडनमध्ये उभे राहिले, पण त्यांचाही आवाज आकाशातून पडला नव्हता. त्यांच्या मागे शिकागोचे मडी वॉटर्स, हाउलिन वुल्फ आणि विली डिक्सन हे ब्लूजवाले आहेत. (ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, रॉकचं मूळ.) झेपेलिनच्या एका गाजलेल्या गाण्यात आपले शब्द आल्याबद्दल डिक्सन १९८५ मध्ये कोर्टात गेले. १९८७ मध्ये तडजोड झाली आणि गाण्यावर त्यांचं नाव लागलं. त्याही मागे मिसिसिपीचा रॉबर्ट जॉन्सन. १९३६-३७ मध्ये त्याची अवघी २९ गाणी ध्वनिमुद्रित झाली, सोबत फक्त त्याचंच गिटार.

हा प्रवास उलटा केला की एक गोष्ट कानाला जाणवते. जितके मागे जाल तितकी वाद्यं कमी होतात आणि दोन सुरांमधली मोकळी जागा वाढत जाते. नव्या बँडपैकी जे कानात टिकतात त्यांनी ही मोकळी जागा उचललेली असते. ज्यांनी फक्त लांब केस, बेलबॉटम आणि उंच पट्टीतली किंकाळी उचलली, त्यांचं गाणं दुसऱ्यांदा ऐकावंसं वाटत नाही.

एका गाण्याला एक संध्याकाळ द्या. पहिल्यांदा नुसतं ऐका. दुसऱ्यांदा फक्त ड्रम्स, तिसऱ्यांदा फक्त बेस. चौथ्यांदा हातात वही घ्या आणि गिटार कुठे वाजत नाही ते लिहून काढा. हे चौथं ऐकणं सगळे टाळतात, आणि खरं शिक्षण त्यातच आहे. एसी/डीसी या बँडची जुनी गाणी यासाठी उत्तम. गिटारचा आवाज वाटतो तितका फाटलेला नाही, बराच स्वच्छ आहे, हे तेव्हा लक्षात येतं. आपल्याला भासणारी ताकद तो कुठे थांबतो त्यातून येते.

आणखी काही नावं सांगून ठेवते. इंग्लंडचा द डार्कनेस (२००३ चा पहिला अल्बम ऐका), ऑस्ट्रेलियाचा वुल्फमदर, स्वीडनचा ग्रेव्हयार्ड. रायव्हल सन्स हे ब्लॅक सॅबथच्या २०१६-१७ च्या निरोपाच्या दौऱ्यात आधी वाजवायचे. आणि आपल्याकडचा गिरीश अँड द क्रॉनिकल्स, २००९ साली गंगटोकमध्ये सुरू झालेला. सिक्कीममधून निघालेला बँड असं हार्ड रॉक वाजवतो हे ऐकलं की आपल्या कल्याण-डोंबिवलीच्या मुलांच्या मनातला न्यूनगंड झटकन जातो.

हा आवाज मुंबईला परका नाही

नव्या मुलांना वाटतं की आपण परदेशी वस्तू उसनी आणतो आहोत. म्हणून थोडा इतिहास, कारण त्याने पाय जमिनीवर राहतात.

१९७२ साली झेपेलिनचे गिटारवादक जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट मुंबईत आले, इथल्या वादकांना घेऊन त्यांनी आपली दोन गाणी नव्याने ध्वनिमुद्रित केली आणि कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या क्लबात वाजवलंही. ती मुद्रणं अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ साल उजाडलं. तबला आणि तंतुवाद्यांबरोबर त्यांची गाणी कशी बोलतात हे मुंबईच्या प्रत्येक नव्या बँडने एकदा तरी ऐकायला हवं. त्याच्या आगेमागे सिगारेट कंपनीच्या पैशावर भरणाऱ्या सिमला बीट स्पर्धेत देशभरातले बँड उतरत. १९७० आणि १९७१ च्या स्पर्धांच्या रेकॉर्ड्स आजही शोधल्या जातात. मुंबईच्या ॲटॉमिक फॉरेस्ट या बँडचा 'ऑब्सेशन ७७' हा अल्बम १९८१ मध्ये आला.

मग धोबीतलावचं रंगभवन. झेवियर्स कॉलेजच्या शेजारचं खुलं नाट्यगृह. १९८० मध्ये इथे 'द पोलीस' हा इंग्लंडचा बँड वाजवून गेला आणि १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक, म्हणजे आय-रॉक हा रॉक महोत्सव, इथेच भरू लागला. आजूबाजूला रुग्णालयं असल्यामुळे शांतता क्षेत्राच्या नियमांखाली तिथले मोठ्या आवाजाचे कार्यक्रम पुढे बंद पडले. आय-रॉक मात्र २०२२ मध्ये माझगावला पुन्हा उभा राहिला. १९८४ साली सुरू झालेला रॉक मशीन हा बँड याच शहराचा. महेश तिनईकर त्यांचे गिटारवादक. तेव्हा लोकांना परदेशी गाणीच हवी असत, त्या काळात या मंडळींनी स्वतःची गाणी वाजवायचा हट्ट धरला आणि १९९३ मध्ये इंडस क्रीड हे नाव घेतलं. आणि क्वीन या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी शाळेत कुठे शिकला? आपल्या पाचगणीला.

धानी, जवारी आणि सा-प

घरात पेटी किंवा तबला ऐकत वाढलेल्या मुलांना मी हा भाग आवर्जून समजावते, कारण त्यांच्याकडे अर्धी विद्या आधीच असते.

रॉक गिटारवादक ज्याला मायनर पेंटाटॉनिक म्हणतात, ते सूर म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नी. म्हणजे आपला धानी. मेजर पेंटाटॉनिक म्हणजे भूप. जुन्या रॉकमधली निम्म्याहून अधिक रिफ्स या दोन घरांत राहतात. (रिफ म्हणजे गाण्याचा कणा असलेली, पुन्हा पुन्हा येणारी छोटी ओळ. बंदिशीचा मुखडा जसा समेवर परततो, तशी ती परत येते.) ब्लूजची खास कळ मात्र कोमल ग आणि शुद्ध ग यांच्या मधल्या जागेत आहे. तार बोटाने वर ढकलून तो सूर ओढतात, आपल्या मींडेसारखा. पडद्यावर बोट ठेवून तो मिळत नाही, ओढतानाच सापडतो. नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक इथेच होते. तार ओढतात, पण सूर कुठे पोचवायचा ते कानाला ठाऊक नसतं. उपाय साधा आहे. आधी गाऊन दाखवा, मग ओढा.

आता डिस्टॉर्शन, म्हणजे तो फाटका, भरदार आवाज. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवला की जवारी खुलते आणि एका तारेतून कितीतरी उपस्वर फुलतात. गिटारच्या ॲम्पमध्ये तेच काम वाल्व्ह, म्हणजे आतली काचेची इलेक्ट्रॉनिक नळी, करतो. वाल्व्हला कुवतीपेक्षा जास्त सिग्नल मिळाला की लाटेचं टोक मऊपणे दबतं आणि दबताना वरचे उपस्वर उगवतात. जवारी फार उघडली तर तानपुरा कर्कश होतो, अगदी बंद केली तर मुका. ॲम्पवरच्या गेनच्या नॉबचंही, म्हणजे आवाज किती फाटावा हे ठरवणाऱ्या नॉबचंही, तसंच आहे.

जुन्या रॉकमध्ये पूर्ण कॉर्डऐवजी (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले तीन किंवा जास्त सूर) फक्त दोन सुरांची जोडी, पॉवर कॉर्ड, का वाजवतात तेही इथेच उलगडतं. ती जोडी म्हणजे सा-प. दाबलेल्या आवाजात दोन सूर एकत्र गेले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांतून नवे सूर तयार होतात. सा-प मधून तयार होणारे सूर त्यांच्याशी जुळतात, म्हणून आवाज भरदार होतो. त्यात गंधार घातला की मिश्रण गढूळ होतं. तानपुरा सा-प मध्ये का लावतात हे ज्याला माहीत आहे, त्याला पॉवर कॉर्ड वेगळा शिकवावा लागत नाही.

वाद्यखरेदी, आणि तो छोटा नॉब

गिटार घ्यायला धोबीतलावला जा. फर्टाडोज १८६५ पासून आहे, दुकानात बसून वाजवून बघता येतं. केबल, जॅक, सोल्डरिंगचं सामान यासाठी लॅमिंग्टन रोड. वीस-पंचवीस हजारांच्या आसपास मन लावून वाजवता येईल असं गिटार मिळतं. एकदम मोठं नाव घेण्यापेक्षा घेतलेल्या गिटारचं सेटअप, म्हणजे तारांची उंची, मान वगैरेची जुळणी, चांगल्या कारागिराकडून करून घ्या. पिकअप (तारेचं कंपन टिपणारा गिटारवरचा भाग) दोन कॉइलचा, म्हणजे हमबकर, हवा की एका कॉइलचा, हा वाद लांबवू नका. झेपेलिनच्या पहिल्या अल्बममधलं बरंचसं गिटार टेलिकास्टर हे एक साधं गिटार आणि एक छोटासा सुप्रो ॲम्प यांवर वाजवलेलं आहे.

ॲम्पबद्दल मात्र सविस्तर सांगते, कारण पैसे इथेच वाया जातात. १०० वॅटचा ॲम्प ५० वॅटच्या दुप्पट मोठा वाजत नाही. फरक जेमतेम ३ डेसिबलचा असतो. कानाला दुप्पट वाटायला वॅट दसपट लागतात. म्हणून ५ वॅटचा वाल्व्ह ॲम्पसुद्धा वन बीएचकेत पूर्ण उघडला तर खालचे आजोबा वर येतात. वाल्व्ह ॲम्प गोड तेव्हाच बोलतो जेव्हा तो थोडा ताणावर असतो. मुंबईच्या घरात १०० वॅटचा ॲम्प कधीच त्या ताणापर्यंत पोचत नाही. छोटा घ्या. वाल्व्हचा परवडत नसेल तर साधा ट्रान्झिस्टरचा किंवा मॉडेलिंगचा (वेगवेगळ्या ॲम्पची डिजिटल नक्कल करणारा) चालेल, मोठ्या आवाजाचा वाल्व्ह ॲम्प जॅमरूममध्ये असतोच. अमेरिकेहून कुणी जुना ॲम्प आणला तर मागची पाटी वाचा. तो १२० व्होल्टचा असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय आपल्या २३० व्होल्टला लावू नका. आणि वाल्व्ह ॲम्प स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कॅपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब साठून राहतो.

आता तो नॉब. ॲम्प अशा जागी आणा की हलकं वाजवलं तर स्वच्छ आणि जोरात मारलं तर फाटेल. गिटारवरचा व्हॉल्यूम १० वर ठेवून रिफ वाजवा. मग करंगळीने तोच नॉब ६ वर आणा आणि तीच रिफ पुन्हा वाजवा. आवाज नुसता लहान होत नाही, त्याचा पोत बदलतो: धूर जातो, तारांची चकाकी दिसू लागते. कडव्यात ६, ध्रुवपदात ८, एकट्याच्या सोलोला १०. जुन्या वादकांनी अख्खी मैफल या एका नॉबवर चालवली आहे. हे ज्याला जमलं त्याला पायाखाली सात पेडल्स लागत नाहीत. एक ओव्हरड्राइव्ह (आवाज थोडा फाडणारं पेडल) आणि एक ट्यूनर एवढ्यावर दोन वर्षं सहज निघतात.

हेडफोनवर सराव करणाऱ्यांना एक सूचना: हेडफोनमध्ये गेन नेहमी कमी भासतो, म्हणून आपण तो वाढवत जातो. तेच सेटिंग बँडमध्ये नेलं की गिटार कापसासारखं होतं आणि कुणालाच ऐकू येत नाही. जॅमरूममध्ये गेल्यावर घरचा गेन निम्मा करा.

पावसाळ्याचं वेगळं बघावं लागतं. जुलैच्या दमट हवेत तारा पंधरवड्यात गंजतात आणि लाकूड फुगून गिटारची मान हलते. वाजवून झाल्यावर सुती फडक्याने प्रत्येक तार पुसा, पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाका, गिटार बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. लोकलमधून नेताना गर्दीची वेळ टाळा, आणि पिशवी पाठीवर न घेता पुढे धरा, गिटारची मान वर ठेवून.

जॅमरूममधले पहिले दहा मिनिटं

खरं काम इथे सुरू होतं.

गोलात उभे राहा. भिंतीकडे किंवा आरशाकडे तोंड करून नाही, एकमेकांकडे. ड्रमरचा उजवा पाय बेसवाल्याला दिसला पाहिजे. गिटारचा ॲम्प जमिनीवर ठेवला तर आवाज घोट्यांना लागतो आणि वाजवणारा तो वाढवत सुटतो. खुर्चीवर ठेवा, कानाच्या दिशेने कलता. आधी गायकाचा माइक शिट्टी न मारता जितका वर जाईल तितका न्या. मग बाकी सगळ्यांनी त्याच्या खाली राहायचं. बहुतेक नवे बँड याच्या उलट करतात: गिटार आधी मोठं, मग ड्रमर चिडून जोरात, आणि गायक तासाभरात घसा बसवून घरी.

आता ताल. केरव्याच्या आठ मात्रा मोजा. रॉकच्या साध्या ठेक्यात बेस ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) १ आणि ५ वर, स्नेअर (कडक आवाजाचा, काठीने वाजवायचा ड्रम) ३ आणि ७ वर. आपल्या कानाला वजन १ वर द्यायची सवय असते, टाळ्याही आपण तिथेच देतो. जुन्या रॉकचं वजन ३ आणि ७ वर आहे. आठवडाभर जेवताना, चालताना, लोकलमध्ये उभं असताना ३ आणि ७ वर टाळी देऊन बघा. शरीरात ते उतरलं की निम्मं गाणं उतरलं.

मागच्या जुलैत चार जणांचा एक नवा बँड आमच्याबरोबर सरावाला आला होता. ड्रमर हुशार, हात सफाईदार, पण दर चौथ्या आवर्तनाला तो टॉमवरून, म्हणजे आजूबाजूच्या ड्रम्सवरून, गरगर फिरून यायचा. मी त्याला म्हटलं, "बाळा, दहा मिनिटं फक्त आठ मात्रा. एकही रोल नाही, एकही झांज जास्त नाही." गिटारवाल्याला मी धानीतली चार सुरांची एक रिफ दिली. पहिली तीन मिनिटं सगळे कंटाळले. चौथ्या मिनिटाला ड्रमरचे खांदे खाली आले. सहाव्या मिनिटाच्या आसपास बेसच्या मुलीने आपला सूर बेस ड्रमवर नेमका बसवला आणि खोलीतली हवा बदलली. जमिनीतून पायात येणारा धक्का एकच झाला. तोपर्यंत तो दोन ठिकाणांहून येत होता. कुणी काही न सांगता गिटारवाल्याने आपला व्हॉल्यूम कमी केला, कारण आता त्याला ओरडायची गरज उरली नव्हती. मी खोलीच्या कोपऱ्यात फोन ठेवून ते मुद्रित केलं होतं. ऐकवल्यावर ड्रमर म्हणाला, "हे आम्ही आहोत?"

हा दहा मिनिटांचा पाठ प्रत्येक सरावाच्या सुरुवातीला करा. घरी मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) वापरा, बँडमध्ये तो बंद. जुन्या रेकॉर्ड्समध्ये ध्रुवपदाला लय किंचित पुढे सरकते, आणि त्या सरकण्यात जीव असतो. पण ती चौघांनी मिळून सरकवायची असते. एकटा ड्रमर घाईत पुढे गेला तर त्याला लय सुटणं म्हणतात.

कानात बोळे घाला. फोम किंवा संगीतासाठीचे इअरप्लग औषधाच्या किंवा वाद्यांच्या दुकानात मिळतात. ८५ डेसिबल आवाज आठ तास सोसता येतो आणि पुढे दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला जेमतेम पाव तास. बंद जॅमरूममध्ये १०० सहज ओलांडले जातात. कानात कायमची शिट्टी घेऊन जगणारे वादक माझ्या ओळखीत आहेत. यात सूट नाही.

शब्द मराठीत लिहा

सुरुवातीला दुसऱ्यांच्या तीन-चार गाण्यांचे कव्हर वाजवा, म्हणजे ती जशीच्या तशी बसवा, जरूर वाजवा, तो रियाझ आहे. पण सहा महिन्यांच्या आत स्वतःचं एक गाणं हवं. ठेवण, पट्टी, गिटारचा पोत यांवर कुणाचा हक्क नसतो. चाल आणि शब्द यांवर असतो. जुन्या बँडचा आवाज खुशाल घ्या, पण चाल आणि शब्द तुमचेच असू देत.

मराठी या आवाजाला जड जाते असं मी पुष्कळ ऐकलं आहे आणि मला ते पटत नाही. उंच पट्टीत मोकळा आवाज लावायला आ आणि ओ हे स्वर सोपे, ई आणि ऊ अवघड. मराठीत आ-कारान्त शब्दांची काय कमतरता? लांब ओढायच्या जागी आ किंवा ओ येईल अशी ओळ रचा, जोडाक्षरं खालच्या पट्टीतल्या कडव्यात ठेवा. छंदासाठी दूर जायला नको. छोट्या अभंगाचे आठ-आठ अक्षरांचे चरण आठ मात्रांच्या ठेक्यात अलगद बसतात. मोठ्या अभंगाचे सहा, सहा, सहा आणि चार. ते शेवटचे चार अक्षरांचे चरण म्हणजे रिफला उत्तर द्यायला तयार मोकळी जागा.

आणि आवाजासाठी शाहीर ऐका. माइक नसताना डफ-तुणतुण्यावर मैदान भरून टाकणारी ती गायकी. अण्णा भाऊ साठे, अमर शेख याच गिरणगावात गायले. त्याच लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात २००७ ते २०१६ ब्लू फ्रॉग हा क्लब होता, जिथे माझ्या पिढीने अर्ध्या जगाचे बँड ऐकले. पोटातून येणारा, टाळूला लागून पुढे फेकला जाणारा शाहिरी सूर आणि रॉबर्ट प्लांटची उंच हाक यांच्यात घसा वापरायची पद्धत मला फार जवळची वाटते. गायकाला परदेशी उच्चार शिकवण्यात वेळ घालवू नका. त्याला एक पोवाडा शिकवा.

मुद्रण

ब्लॅक सॅबथने पहिला अल्बम एका दिवसात वाजवून संपवला. रायव्हल सन्स स्टुडिओत जाऊनच गाणी रचतात आणि ताजी असतानाच मुद्रित करतात. तुम्हीही सगळे एकत्र, एका दमात वाजवा. गायकाचा आवाज हवा तर नंतर घ्या. ड्रम्स, बेस आणि एक गिटार मात्र एकाच वेळी.

ड्रम्सना दहा माइक नकोत. १९७१ मध्ये हॅम्पशरमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात झेपेलिनच्या मंडळींनी ड्रम्स जिन्याखालच्या दालनात मांडले आणि वरच्या मजल्यावरून दोन माइक सोडले. तो घुमणारा आवाज आजही लोक उसना घेतात. दादर-गिरगावातल्या जुन्या इमारतींचे जिने काही कमी घुमत नाहीत. रविवारी दुपारी, शेजाऱ्यांना आधी सांगून, पेढे देऊन, आम्ही एकदा हा प्रयोग केला होता आणि तोच ठेका शेवटी गाण्यात राहिला. गिटारच्या ॲम्पला एसएम५७ हा एक साधा माइक पुरतो. स्पीकरच्या जाळीपासून दोन बोटं, मध्यबिंदूपासून थोडा बाजूला. मध्याकडे नेला तर आवाज तीक्ष्ण, कडेला नेला तर उबदार.

संगणकावर ठोके सरळ करत बसू नका. चुकीचा सूर असेल तर पुन्हा वाजवा, पण किंचित उशिरा पडलेला स्नेअर तसाच ठेवा.

पहिला कार्यक्रम

कॉलेजात असाल तर सोपं. पवईच्या आयआयटीचा मूड इंडिगो १९७१ पासून चालू आहे आणि त्याची लाइव्हवायर ही रॉक बँडची स्पर्धा मोठी परीक्षा आहे. कॉलेज संपलं असेल तर खार, अंधेरी, लोअर परळच्या छोट्या जागांमध्ये ओपन माइकच्या रात्री शोधा. आधी दोनदा प्रेक्षक म्हणून जा, वाजवणाऱ्यांना भेटा, त्यांचे ॲम्प उचलायला मदत करा. मुंबईत बँडची ओळख अशीच वाढते. फेब्रुवारीत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत होणारा महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल २०११ मध्ये बडी गाय नावाच्या ब्लूज गिटारवादकासारख्या मोठ्या वादकापासून सुरू झाला. ज्या आवाजाच्या मागे आपण लागलो आहोत त्याचं मूळ तिथे समोर बसून ऐकायला मिळालं.

अर्ध्या तासासाठी सहा गाणी बसवा, पाच वाजवा. दोन गाण्यांमध्ये ट्यूनिंग करताना ड्रमरने हलका ठेका चालू ठेवायचा, म्हणजे शांततेत अवघडलेपण येत नाही.

पिशवीत काय न्यायचं: तारांचा जादा संच, दोन केबल, ट्यूनर, काळी चिकटपट्टी, फडकं आणि एक सॉकेट टेस्टर. टेस्टर मी का सांगते ते ऐका. एका पावसाळ्यात एका हॉलमध्ये आमची गायिका गिटार घेऊन माइकजवळ गेली आणि ओठ जाळीला लागताच तिला असा झटका बसला की ती दोन पावलं मागे पडली. सॉकेटला अर्थिंगच नव्हतं. हात तारांवर, ओठ माइकवर, आणि वीज मधून. आम्ही तेव्हा तपासलं नव्हतं, कारण तपासायचं असतं हेच कुणी शिकवलं नव्हतं. आता मी हॉलमध्ये शिरल्यावर बेस बाहेर काढण्याआधी प्रत्येक सॉकेटमध्ये टेस्टर घालते. अर्थिंग नसेल तर दुसरा पॉइंट मागते, तोही नसेल तर वाजवत नाही. माइकवर स्पंजची टोपी असेल तर तीही घालते.

आणि वेळ पाळा. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद हा २००० सालचा नियम आहे, आणि उघड्यावरचा कार्यक्रम असेल तर दहाच्या ठोक्याला वीज जाते. आपलं सगळ्यात चांगलं गाणं शेवटी ठेवून दहाला दहा कमी असताना सुरू करू नका. ते तिसरं वाजवा. नंतर केबल गुंडाळताना कोपराभोवती आवळू नका, सैल वेटोळी घाला, नाहीतर आतली तार तुटते. डोंबिवलीकडे शेवटच्या गाड्यांना जागा मिळते. गिटार मांडीवर आडवं घ्या आणि फोनवरचं त्या रात्रीचं मुद्रण पहिल्यांदा तिथेच ऐका, चौघांनी, एकेक इअरफोन वाटून.